फाईल उद्या वाचता येईल का?

फर्स्ट इयरला सी शिकताना फाईल हँडलिंगचा चॅप्टर सगळ्यात शेवटी येतो. तोवर सबमिशनं अंगावर आलेली असतात. त्यामुळे एफराईट आणि एफरीड हे दोन शब्द व्हायवापुरते पाठ करून आपण पुढे सरकतो. स्ट्रक्चरचा पत्ता द्या, साईझ द्या, फाईल पॉइंटर द्या, झालं काम! प्रोग्रॅम चालतो, एक्स्टर्नल खूश, आपणही खूश.

पण या सगळ्यात एक प्रश्न कुणी विचारतच नाही. आज लिहिलेली फाईल उद्या दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या कंपायलरने किंवा आपल्याच बदललेल्या प्रोग्रॅमने वाचता येईल का? हा लेख त्या एका प्रश्नावर आहे. कॉम्प्युटर ब्रँचच्या नसलेल्यांनी पान उलटू नये. सर्व्हेची रीडिंग साठवणारे सिव्हिलवाले आणि डेटा लॉगर बनवणारे इलेक्ट्रॉनिक्सवाले आज ना उद्या याच दारात येणार आहेत.

सीरियलायझेशन म्हणजे घर हलवणं

मेमरीतला डेटा म्हणजे मांडलेलं घर. कपाट इथे, पलंग तिथे, भांडी स्वयंपाकघरात. कुठली वस्तू कुठे आहे ते पॉइंटर सांगतात. फाईल म्हणजे मात्र टेम्पो. त्यात सगळं सामान एकामागे एक, एका रांगेत भरावं लागतं. घर उचलून रांगेत भरणं म्हणजे सीरियलायझेशन आणि नव्या जागी उतरवून पुन्हा मांडणं म्हणजे डीसीरियलायझेशन. "कपाट खिडकीच्या डाव्या बाजूला" हा पत्ता नव्या घरात निरुपयोगी असतो. म्हणूनच पॉइंटर जसाच्या तसा फाईलमध्ये लिहून काही उपयोग नाही.

टेम्पोत काय काय आहे, कुठल्या क्रमाने आहे आणि किती आहे याची जी यादी असते, ती म्हणजे स्कीमा. यादी हरवली तर सामान आहे, पण कुठल्या खोक्यात काय ते माहीत नाही, अशी गत होते.

मेसच्या फाईलची गोष्ट

एका होस्टेलच्या मेसमध्ये डिपॉझिटचा हिशोब ठेवायला खूप वर्षांपूर्वी कुणी सीनियरने टर्बो सीमध्ये प्रोग्रॅम लिहिला होता. एका विद्यार्थ्याचं एक रेकॉर्ड आणि त्यात चार गोष्टी: खोली क्रमांक, इंग्रजी अक्षरांत नाव (२१ कॅरेक्टरचा ॲरे), डिपॉझिट आणि व्हेज की नॉनव्हेज हे सांगणारं एक कॅरेक्टर. जुना कॉम्प्युटर बंद पडायला आला, तेव्हा सेकंड इयरच्या दोघांनी तोच सोर्स कोड नव्या मशीनवर जीसीसीने कंपाइल केला आणि जुनी फाईल उघडली. फाईलमध्ये ३०० जण होते. प्रोग्रॅमने २३३ जण दाखवले. त्यातल्या पहिल्याच मुलाचा खोली क्रमांक एकशे एकोणतीस कोटींच्या घरात होता!

ऐन नो ड्यूजच्या आठवड्यात हे झालं. फायनल इयरची मुलं डिपॉझिट परत मागायला रांगेत उभी आणि कुणाचे किती जमा आहेत ते सांगता येईना. ज्यांनी तीन वर्षांपूर्वीची पावती जपून ठेवली होती ते वाचले. बाकीच्यांना मेसच्या मॅनेजर काकांनी आपल्या लाल रजिस्टरमधून नावं काढून दिली. मी तेव्हा त्या दोघांबरोबर फाईलचा माग काढायला बसले होते. फाईलमधलं एकही बाइट खराब झालेलं नव्हतं. हरवली होती ती फक्त यादी.

काय झालं होतं ते हिशोबाने बघू. टर्बो सी १६ बिटचा कंपायलर, त्यात इंटिजर २ बाइटचा. म्हणून एक रेकॉर्ड २ + २१ + ४ + १ = २८ बाइट. जीसीसीमध्ये इंटिजर ४ बाइटचा. शिवाय ४ बाइटच्या फ्लोटला ४ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच बसवायचं, म्हणून कंपायलर मध्ये रिकामी जागा सोडतो. तिला पॅडिंग म्हणतात. नावानंतर ३ बाइट पॅडिंग आणि रेकॉर्डच्या शेवटी पुन्हा ३. म्हणजे ४ + २१ + ३ + ४ + १ + ३ = ३६ बाइट. फाईल होती ३०० × २८ = ८४०० बाइटची. ८४०० ला ३६ ने भागा: २३३ पूर्ण रेकॉर्ड आणि वर १२ बाइट शिल्लक. म्हणून २३३ जण!

आणि ती कोटीतली खोली? ३१२ नंबरची खोली टर्बो सीने ५६ आणि १ अशा दोन बाइटमध्ये लिहिली होती (१ × २५६ + ५६ = ३१२). नव्या प्रोग्रॅमने चार बाइट उचलले, म्हणजे मुलाच्या नावातली पहिली दोन अक्षरंही खोलीच्या पोटात गेली. त्या अक्षरांचे कोड होते ६५ आणि ७७. चारही बाइट मिळून आकडा होतो १,२९,६१,०५,७८४.

उपाय सोपा निघाला. ८४०० ला २८ ने बरोब्बर भाग जातो, या एका गोष्टीवरून रेकॉर्डची लांबी कळली. मग स्ट्रक्चर एका फटक्यात न वाचता २८-२८ बाइट उचलून प्रत्येक फील्ड हाताने सुटं केलं. एका संध्याकाळीच ३०० च्या ३०० जण परत आले आणि काकांच्या रजिस्टरशी ताळा जुळला. सोर्स कोड हाताशी होता म्हणून हे जमलं. तो नसता तर?

तीन खड्डे

स्ट्रक्चर जसंच्या तसं फाईलमध्ये ओतलं की तीन खड्डे ठरलेले.

पहिला, टाईपची लांबी. इंटिजर किती बाइटचा हे सी भाषा पक्कं सांगत नाही, कंपायलर सांगतो. म्हणून फाईलसाठी लांबी ठरलेले टाईप वापरावेत. सी ९९ पासून नावातच बिटची संख्या असलेले इंटिजर टाईप मिळतात.

दुसरा, पॅडिंग. ते मेमरीच्या सोयीसाठी असतं. फाईलमध्ये त्याचं काही काम नाही आणि त्यात काय कचरा पडलेला असेल त्याचा भरवसा नाही.

तिसरा, बाइटचा क्रम. इंटेलचे प्रोसेसर लहान बाइट आधी ठेवतात, याला लिटल एंडियन म्हणतात. मोठा बाइट आधी ठेवणारे ते बिग एंडियन. नेटवर्कच्या प्रोटोकॉलमध्ये सहसा बिग एंडियन चालतो. आपली ३१२ ची खोली उलट्या क्रमाने वाचली तर ५६ × २५६ + १ = १४३३७ होते. हे नाव मोठं गमतीचं आहे. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून भांडणारे दोन पक्ष आहेत. डॅनी कोहेन यांनी १९८० साली बाइटच्या क्रमावरून चाललेल्या भांडणावर लिहिताना तो शब्द उचलला आणि तो तसाच रूढ झाला. तात्पर्य एवढंच की कुठलंही टोक चालेल, पण फॉरमॅटमध्ये एकदा लिहून ठेवा आणि तेच पाळा.

यात एक चौथा खड्डा आपल्या मराठीचा. नव्या प्रोग्रॅममध्ये काकांना नावं मराठीत हवी होती. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड ३ बाइट घेतो. 'अमोल'मध्ये अ, म, ओ ची मात्रा आणि ल असे चार कोड, म्हणजे १२ बाइट. 'ज्ञानेश्वर'मध्ये पाय मोडायच्या खुणा आणि मात्रा धरून दहा कोड, म्हणजे ३० बाइट. २१ च्या ॲरेत शेवटचा शून्य सोडून २० बाइट उरतात. त्यात 'ज्ञाने' एवढंच मावतं आणि पुढे 'श'चे तीनपैकी दोनच बाइट शिरतात. अर्धवट कापलेला तो 'श' स्क्रीनवर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह होऊन बसतो. इंग्रजी नावांच्या मापाने शिवलेला शर्ट मराठी नावाला होत नाही. म्हणून नावासारख्या गोष्टीची आधी लांबी लिहावी आणि मग तेवढेच बाइट.

प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी

वरचे खड्डे नीट बुजवले तरी एक मोठा प्रश्न राहतोच. पुढच्या वर्षी मेस कमिटी म्हणाली की आता खाडेही याच फाईलमध्ये ठेवा, तर काय करायचं? रेकॉर्डची लांबी बदलली की जुन्या सगळ्या फाईली पुन्हा परक्या.

यावर एक उत्तर गूगलच्या प्रोटोकॉल बफर्समध्ये आहे. गूगलमध्ये ते २००१ पासून वापरात होते आणि २००८ साली सर्वांसाठी खुले झाले. कल्पना साधी आहे. प्रत्येक फील्डला स्कीमात एक नंबर द्यायचा आणि फाईलमध्ये डेटाच्या आधी त्या नंबराची चिठ्ठी, म्हणजे टॅग, लावायची. टॅग = फील्ड नंबर × ८ + प्रकार. प्रकार ० म्हणजे कमीजास्त लांबीची पूर्ण संख्या, २ म्हणजे आधी लांबी आणि मग तेवढे बाइट, १ म्हणजे ठरलेले ८ बाइट आणि ५ म्हणजे ठरलेले ४ बाइट.

कमीजास्त लांबीची संख्या म्हणजे व्हेरिंट. संख्या सात-सात बिटच्या तुकड्यांत तोडायची, लहान तुकडा आधी लिहायचा आणि 'अजून पुढे आहे' हे सांगायला आठवा बिट १ करायचा. ३१२ = २ × १२८ + ५६. पहिला बाइट ५६ + १२८ = १८४, दुसरा २. संपलं.

आता आपलं रेकॉर्ड बघा. खोली १, नाव २, डिपॉझिट ३, व्हेज ४ असे नंबर दिले. डिपॉझिट २५०० रुपये आहे, पण पैशाला फ्लोट वापरायचा नाही, म्हणून पैशांत २,५०,०००.

खोली: ८, १८४, २. तीन बाइट.
नाव अमोल: १८, १२ आणि मग नावाचे १२ बाइट. चौदा बाइट.
डिपॉझिट: २४, १४४, १६१, १५. चार बाइट.
व्हेज: ३२, १. दोन बाइट.

एकूण २३ बाइट, तेही मराठी नावासकट. स्ट्रक्चरला ३६ लागत होते. एक लक्षात ठेवा, असं रेकॉर्ड कुठे संपतं ते स्वतः सांगत नाही. फाईलमध्ये एकामागे एक लिहायचं तर आधी रेकॉर्डची लांबी लिहावी लागते. इथे २३ चा आणखी एक बाइट.

बदल झाला तर

आता खाड्यांना नंबर ५ द्या. दोन बाजूंनी विचार करा.

नवा प्रोग्रॅम जुनी फाईल वाचतोय. त्याला ५ नंबरची चिठ्ठी दिसतच नाही. तो खाडे शून्य धरतो आणि पुढे जातो. हे बॅकवर्ड कम्पॅटिबल.

जुना प्रोग्रॅम नवी फाईल वाचतोय. त्याला ४० हा टॅग दिसतो, म्हणजे नंबर ५, प्रकार ०. पाच नंबर काय ते त्याला ठाऊक नाही, पण प्रकार ० म्हणजे व्हेरिंट हे ठाऊक आहे. म्हणून किती बाइट ओलांडायचे ते त्याला कळतं. हे फॉरवर्ड कम्पॅटिबल. आपण बहुतेक वेळा पहिल्या बाजूचाच विचार करतो. पण मेसच्या ऑफिसात नवा प्रोग्रॅम आणि रेक्टर ऑफिसात अजून जुनाच, असं सर्रास होतं. तेव्हा दुसरी बाजूही लागते.

यातही एक मेख आहे. जुन्या प्रोग्रॅमने नवी फाईल वाचली, एकाचं डिपॉझिट बदललं आणि फाईल परत लिहिली, तर त्या न कळलेल्या पाच नंबराचं काय? तो टाकून दिला तर सगळ्यांचे खाडे साफ! प्रोटोकॉल बफर्सच्या तिसऱ्या आवृत्तीत सुरुवातीला अनोळखी फील्ड टाकून दिले जात होते. २०१७ साली ३.५ मध्ये ते पुन्हा जपून ठेवायला सुरुवात झाली. 'मला कळत नाही' म्हणून दुसऱ्याचं सामान फेकू नये, हा रूम पार्टनरचा नियम इथेही लागू.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे जुना नंबर पुन्हा वापरणं. समजा व्हेज-नॉनव्हेज बंद केलं आणि मोकळा झालेला ४ नंबर 'पाहुण्यांची ताटं' याला दिला. जुन्या फाईलमध्ये व्हेज मुलांच्या नावापुढे ४ नंबरात १ आहे. नवा प्रोग्रॅम शांतपणे वाचेल: एक पाहुणा, एक ताट, लावा बिल. कुठलीही एरर येणार नाही. मेसमधले झाडून सगळे शाकाहारी एका ताटाचे पैसे भरतील! म्हणून काढलेला नंबर 'राखीव' असं स्कीमात लिहून कायमचा बाद करायचा. त्यासाठी तिथे खास शब्दच दिला आहे.

दुसरा धडा 'आवश्यक' फील्डचा. दुसऱ्या आवृत्तीत फील्डला 'हे असलंच पाहिजे' अशी खूण करता येत असे. पण एकदा ती खूण केली की पुढे तो फील्ड काढता येत नाही, कारण तो नसलेलं रेकॉर्ड जुने प्रोग्रॅम नाकारतात. २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती सोयच काढून टाकली.

यादीच टेम्पोत ठेवा

दुसरा मार्ग ॲव्ह्रोचा. हडूपवाले डग कटिंग यांनी २००९ च्या सुमारास तो सुरू केला. इथे प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी नसते. फाईलच्या डोक्यावर पूर्ण स्कीमा एकदाच लिहिलेला असतो आणि मग नुसता डेटा त्या क्रमाने. आपलंच रेकॉर्ड ॲव्ह्रोमध्ये १९ बाइटमध्ये बसतं.

वाचताना दोन स्कीमा लागतात: लिहिणाऱ्याचा, जो फाईलमध्येच आहे, आणि वाचणाऱ्याचा, जो आपल्या प्रोग्रॅममध्ये आहे. दोन्हींची जुळणी फील्डच्या नावाने होते. लिहिणाऱ्याकडे आहे पण वाचणाऱ्याकडे नाही, तो फील्ड ओलांडायचा. वाचणाऱ्याकडे आहे पण लिहिणाऱ्याकडे नाही, तिथे डिफॉल्ट घ्यायचा. डिफॉल्ट दिलेला नसेल तर एरर. म्हणून ॲव्ह्रोत नवा फील्ड घालताना डिफॉल्ट द्यायला विसरू नये. फरक लक्षात घ्या: प्रोटोकॉल बफर्समध्ये फील्डचं नाव बदललं तर बायनरी फाईलला फरक पडत नाही, नंबर बदलला तर बोंब. ॲव्ह्रोमध्ये उलट, नाव बदललं तर जुनं नाव उपनाव म्हणून सांगावं लागतं.

नेटवर्कवर छोटे छोटे मेसेज जात असतील तर चिठ्ठ्यांची पद्धत सोयीची. वर्षानुवर्षं पडून राहणारी, लाखो रेकॉर्डची फाईल असेल तर यादी सोबत असलेली बरी. काकांच्या लाल रजिस्टरच्या प्रत्येक पानावर 'खोली, नाव, डिपॉझिट, खाडे' असं डोक्यावर लिहिलेलं असतं. पान फाटून सुटं झालं तरी वाचता येतं. काकांना ॲव्ह्रो कुणी शिकवलं नव्हतं!

रोज हाताळतो ती उदाहरणं

पीएनजी चित्रांचा फॉरमॅट १९९६ साली पक्का झाला. फाईलचे पहिले आठ बाइट नेहमी १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. पुढे सगळे तुकडे: ४ बाइट लांबी, ४ अक्षरांचं नाव, डेटा आणि शेवटी बिघाड ओळखायला ४ बाइटचा सीआरसी. तुकड्याच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल असेल तर तो समजलाच पाहिजे, स्मॉल असेल तर न समजल्यास ओलांडला तरी चालेल. केवढी दूरदृष्टी! पुढे हलत्या चित्रांची एपीएनजी ही वाढ आली आणि २००८ च्या फायरफॉक्स ३ मध्ये दिसू लागली. तिचे नवे तुकडे स्मॉल अक्षराचे असल्यामुळे जुन्या प्रोग्रॅमना ती फाईल उघडता येते. त्यांना फक्त एक स्थिर चित्र दिसतं.

तुमच्या मोबाईलमध्ये एसक्यूलाईट आहेच. त्याच्या फाईलचे पहिले १६ बाइट म्हणजे फॉरमॅटचं नाव आणि आवृत्ती ३. फाईलमधले आकडे बिग एंडियन, मशीन कुठलंही असो. टेबलात नवा कॉलम घातला तर साधारणपणे जुन्या ओळी पुन्हा लिहिल्या जात नाहीत. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला जे लिहिलेलं असतं, त्यावरून तिच्यात किती कॉलम आहेत हे कळतं. कमी निघाले तर उरलेल्यांना डिफॉल्ट. तीच ॲव्ह्रोची युक्ती, वेगळ्या वेशात.

फॉरमॅट काय वाचवू शकत नाही

इथपर्यंत वाचून 'चांगली लायब्ररी घेतली की काम झालं' असं वाटेल. तसं नाही. समजा पहिल्या वर्षी डिपॉझिट रुपयांत लिहिलं आणि दुसऱ्या वर्षीपासून त्याच ३ नंबरात पैशांत लिहायला लागलो. टाईप तोच, नंबर तोच, नाव तेच. कुठल्याही लायब्ररीला फरक कळणार नाही, पण कुणाचे २५०० रुपये २५ होतील. स्कीमात टाईप असतो, अर्थ आपल्या डोक्यात असतो आणि आपण तर पास होऊन निघून जातो! म्हणून अर्थ बदलला की नंबर नवा, नाव नवं आणि शेजारी एक ओळीची कॉमेंट.

वायटूकेचा सगळा गोंधळ असाच होता. वर्ष दोन आकड्यांत लिहायचं ठरवणाऱ्यांना वाटलं नव्हतं की आपल्या फाईली २००० सालापर्यंत जगतील. असाच दुसरा दिवस ठरलेला आहे. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटच्या साईन्ड इंटिजरमध्ये मोजणाऱ्यांची जागा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपते. प्रोसेसर ६४ बिटचा आला म्हणून जुन्या फाईलमधला ४ बाइटचा फील्ड आपोआप ८ चा होत नाही.

मराठीच्या बाबतीत ही जखम आपल्या घरातलीच आहे. युनिकोड सगळीकडे पोचण्यापूर्वी डीटीपीत प्रत्येक फाँटचे आपापले नंबर असत. आयएससीआयआय नावाचं भारतीय स्टँडर्ड १९९१ पासून होतं, पण छपाईची कामं बहुतेक फाँटच्या नंबरांवरच चालली. फाईलमध्ये 'क' नसतो, 'या फाँटमधलं अमुक चित्र' एवढंच असतं. तो फाँट नसेल तर मराठी लेखाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. बाइट शाबूत, यादी हरवलेली. मेसच्या फाईलसारखंच.

एक शंका आणि तिचं उत्तर

"एवढं कशाला? सरळ टेक्स्ट फाईलमध्ये लिहू ना!" बरोबर आहे. ३०० जणांच्या मेसला कॉमा टाकून लिहिलेली टेक्स्ट फाईल पुरेल. ती नोटपॅडमध्ये उघडते आणि पहिल्या ओळीत कॉलमची नावं असतात. बायनरी लागतं ते रेकॉर्ड लाखांत गेले, मायक्रोकंट्रोलरची मेमरी किलोबाइटमध्ये मोजावी लागली किंवा दर सेकंदाला हजारो रीडिंग यायला लागली की. पण टेक्स्ट घेतल्याने स्कीमाचा प्रश्न सुटत नाही. मध्ये एक कॉलम घुसवला तर 'चौथा कॉलम म्हणजे डिपॉझिट' असं धरणारा प्रोग्रॅम तिथेही तसाच फसतो.

जावाच्या तयार सीरियलायझेशनचा किंवा पायथनच्या पिकलचाही मोह होतो. जावात क्लासचा आवृत्ती नंबर आपण स्वतः दिला नाही तर क्लास थोडा बदलला तरी जुनी फाईल नाकारली जाऊ शकते. पिकल तर अनोळखी माणसाकडून आलेल्या फाईलवर कधीच वापरू नये. ती उघडताना त्यात लपवलेला कोड चालू शकतो.

प्रोजेक्टसाठी नियम

१. फाईलच्या सुरुवातीला ओळख पटवणारे काही बाइट आणि आवृत्ती नंबर लिहा. खर्च फार तर आठ बाइट.
२. लांबी आणि बाइटचा क्रम ठरवून कागदावर लिहा. स्ट्रक्चर थेट ओतू नका.
३. नवा फील्ड घालताना तो नसेल तर काय धरायचं ते त्याच दिवशी ठरवा.
४. काढलेला नंबर पुन्हा देऊ नका. बदललेल्या अर्थाला जुना नंबर देऊ नका.
५. प्रत्येक आवृत्तीची एक नमुना फाईल जपून ठेवा आणि प्रोग्रॅम बदलला की त्या सगळ्या उघडून बघा.
६. फाईल बदलताना आधी नवी फाईल पूर्ण लिहा, मग तिला जुनीचं नाव द्या. मध्येच लाईट गेली तर जुनी तरी शिल्लक राहते.
७. स्कीमा रिपोर्टमध्ये छापा. ब्लॅक बुक लायब्ररीत राहतं, पेन ड्राईव्ह राहत नाही.

करून बघा

वरचं चार फील्डचं स्ट्रक्चर तुमच्या मशीनवर लिहा आणि साईझ छापा. फील्डचा क्रम बदलून पुन्हा छापा, आकडा का बदलला ते शोधा. मग ९९९ ही संख्या व्हेरिंटमध्ये कागदावर लिहा. उत्तर दोन बाइटचं यायला हवं, पहिला २३१ आणि दुसरा ७. शेवटी तुमच्या मिनी प्रोजेक्टची एक फाईल शेजारच्या खोलीतल्या मित्राला फक्त स्कीमाच्या कागदासकट द्या, कोड देऊ नका. त्याला ती वाचता आली तर तुमचा फॉरमॅट पास. नाही आली तर कागदात काय लिहायचं राहिलं ते त्यालाच विचारा. त्याच्याइतका चांगला एक्स्टर्नल तुम्हाला मिळणार नाही.